माकडाला मध्ये आणू नका

मी खेळाचा रिमोट बोलतोय. टीव्हीचा नव्हे, तो सोफ्यावर लोळणारा आळशी प्राणी. मला हातात धरून हवेत फिरवलं की पडद्यावरचा खेळाडू बॅट फिरवतो.

कारखान्यातून निघताना मला मनगटाचा पट्टा मिळाला. खेळताना तो हातात अडकवायचा, म्हणजे मी निसटून कुणाचं डोकं फोडत नाही. पण मी आलो रायपूरला, बूढ़ापारा मोहल्ल्यात, रेल्वेतून रिटायर झालेल्या नरहरीरावांच्या घरी. आईवडिलांची जरा हालचाल व्हावी म्हणून सचिननं, त्यांच्या मुलानं, मला आणि माझ्या जुळ्या भावाला पाठवलं. नरहरीरावांनी आम्हा दोघांना पट्ट्यासकट पॉलिथिनमध्ये गुंडाळून वर रबर लावलं. या घरात नव्या वस्तूला हवा लागू देत नाहीत. चांगले कप तर पाहुण्यांची वाट बघत कपाटातच म्हातारे झालेत.

रोज संध्याकाळी टेबल टेनिस. भाऊ नरहरीरावांकडे, मी त्यांच्या बायकोकडे, इंदूबाईंकडे. जिंकायचे नेहमी नरहरीरावच, कारण हरायला लागले की तो पॉइंट 'ट्रायल' ठरायचा. बाईंना एकदा, फक्त एकदा, त्यांना हरवायचं होतं.

त्या दिवशी बाई भजी तळता तळता आल्या आणि शेवटच्या पॉइंटपर्यंत पोचल्या.

"थांब, चष्मा पुसू दे," नरहरीराव म्हणाले.

"बहाणे काहून करून राहिले? खेळा न!"

त्यांनी असा हात फिरवला की काय सांगू! पॉइंट मिळाला. हात तेलकट, वर माझं पॉलिथिन. मी सटकलो तो थेट टीव्हीच्या तोंडावर. पडदा काळा.

"मी जितली!" बाई ओरडल्या.

"टीव्ही बंद तं मॅच रद्द," नरहरीराव म्हणाले.

त्यानंतर घरात चहा मिळायचा, पण त्याच्याबरोबर शब्द मिळत नव्हता. बाईंना टीव्हीचं काहीच वाटत नव्हतं. जिंकलेली मॅच नवऱ्यानं ढापली, हे मात्र फार लागलं होतं.

सचिननं घराच्या सामानाचा विमा काढला होता. पाहणीला विमा कंपनीकडून यामिनी नावाची मुलगी आली. बायकोसोबत खेळताना टीव्ही फुटला हे सांगायची नरहरीरावांना लाज वाटली.

"बंदर घुसा था, मॅडम."

"बंदर का नुकसान आपकी पॉलिसी में नहीं है, अंकल. घरवालों के हाथ से गलती से टूटे, तो है."

नरहरीरावांनी चष्मा पुसून होकारार्थी मान हलवली. बाई पदराशी चाळा करत उभ्या होत्या.

"हव... इनके हाथ से छूटा. खेलते खेलते."

"पूरा बताओ," बाई म्हणाल्या.

मग नरहरीराव जमिनीकडे बघत म्हणाले, "आखरी पॉइंट था. ये जीत गई."

"हारजीत नहीं लिखनी पड़ती, आंटी."

"लिख बेटा. जगह नहीं है तो किनारे में लिख."

तिनं लिहिलं. मग मला उचलून विचारलं, "इसकी पन्नी क्यों नहीं निकाली?"

"खराब हो जाता न," नरहरीराव म्हणाले, आणि तिघांनीही फुटक्या टीव्हीकडे पाहिलं.

आता नवा टीव्ही आलाय. माझी पन्नी निघाली, पट्टा बाईंच्या मनगटात असतो. तेव्हा बाबांनो, वस्तू वापरा. आणि घरातलं माणूस जिंकलं तर तिथल्या तिथे म्हणा, जिंकलीस. बिचाऱ्या माकडाला मध्ये आणू नका.