गार झाल्यावर किक मारा

मी मोटारसायकल बोलतेय. रंग काळा, टाकीवर लाल पट्टा. बाहेरून अजूनही बरी दिसते. दुखणं होतं ते आत, इंजिनात.

माझे पहिले मालक सुहास सर. श्रीगोंद्याच्या शाळेत शिकवायचे. माझं ऑईल वेळेवर बदलायचे. त्यांनी चारचाकी घेतली आणि मी काष्टीच्या आदिनाथकडे आले. आदिनाथ माणूस कष्टाळू, पण घाईचा. चाऱ्याच्या पेंढ्या, दुधाच्या किटल्या, सगळं माझ्या पाठीवर. ऑईलची आठवण मात्र कधीतरीच. हळूहळू इंजिनातली टायमिंग चेन सैल झाली, पिस्टनच्या रिंगा झिजल्या. सकाळी किक मारली की खडखड आणि मागून निळा धूर.

एकदा शिंगणापूरहून परतताना मी भर उन्हात बंद पडले. आदिनाथची आई, आक्काबाई, पदर डोक्यावर घेऊन खडीच्या ढिगावर बसून राहिली. आदिनाथ मला ढकलत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्याने मला विकायचं ठरवलं. कुणीतरी त्याला शिकवलं, "जाड ऑईल टाक, अन् गिऱ्हाईक यायच्या आधी एक चक्कर मार. गरम गाडी बोलत न्हाई." खरंच होतं ते. ऊब आली की माझी खडखड दबायची.

गिऱ्हाईक आलं जामखेडकडून. दिशा आणि तिचे सासरे वैजनाथ. दिशाला जनावरांच्या दवाखान्यात नोकरी लागली होती. वस्त्यांवर फिरून लसी टोचायच्या, म्हणून गाडी हवी होती.

वैजनाथ मला बघूनच खूश. "लई चकाचक हाय. घेऊन टाकू."

दिशा खाली वाकली. इंजिनाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला.

"गाडी तापलीय. आत्ता चालवली का?"

"व्हय, जरा दुकानापर्यंत गेल्तो," आदिनाथ म्हणाला.

"मग गार होऊ द्या. आम्ही थांबतो."

वैजनाथ अवघडले. "अगं, लोकांच्या दारात किती बसायचं? त्यांना काय वाटंल?"

"मामा, माझ्या भावाची गाडी अशीच होती. या मॉडेलची टायमिंग चेन लवकर सैल होते. रस्त्यात त्याची चेन सटकली अन् इंजिन जाम झालं. गार असतानाच आवाज कळतो."

आक्काबाईने चहा केला. गप्पा निघाल्या. दिशा एकटीच माळावरच्या वस्त्यांवर जाणार, हे ऐकून आक्काबाईने हातातली बशी खाली ठेवली. आदिनाथ नजर चुकवत होता. मी गार होत होते आणि मनात म्हणत होते, ऐक गं बाई, एकदा माझं ऐक.

शेवटी दिशा उठली. किकवर पाय ठेवणार, तोच आक्काबाई बोलली, "आदिनाथ, सांग की तिला. त्या दिशी तू हुतास म्हनून गाडी ढकलत आनलीस. ही पोर एकटी रानात काय करंल?"

 दिशाने किक मारली. जाड ऑईललाही न जुमानता इंजिनाच्या वरच्या बाजूने खडखड आली. मूठ पिळताच निळा धूर अंगणभर झाला. इतके दिवस दाबलेलं एकदाचं बाहेर पडलं. मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू!

"चुकलं माझं, ताई," आदिनाथ म्हणाला. "आधीच सांगायला पायजे हुतं."

वैजनाथ चिडतील असं मला वाटलं. पण ते सुनेकडे बघून म्हणाले, "बरं झालं थांबलो. मी तर तुला घाई करत हुतो."

दिशाने विचारलं, "इंजिन खोलून, चेन-रिंगा नव्या टाकून द्याल? मग घेते."

आदिनाथने लगेच मान हलवली. त्याच्याही चेहऱ्यावरचा ताण उतरला होता.

मेकॅनिकने मला खोललं, झिजलेलं सगळं काढून टाकलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी दिशा पुन्हा आली. मुद्दाम सकाळीच, मी गार असताना. एका किकेत मी सुरू झाले. ना खडखड, ना धूर. वैजनाथांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "आता बसतो मी मागं." आक्काबाईने माझ्या हँडलला हळदकुंकू लावलं.

आता माळावरच्या कच्च्या वाटांनी मी दिशाला नेते. आडरानात गायीजवळ ती तास-तासभर खोळंबते, तेव्हा मी बाहेर निवांत उभी असते. परत न्यायला जमेल की नाही, ही धास्ती उरली नाही.

तुम्ही जुनी गाडी घ्यायला गेलात, तर तिचा रंग बघून भुलू नका. ती गार होईपर्यंत खुशाल बसा, चहा मागा, संकोच करू नका. आमच्या अंगात काय आहे ते आम्ही लपवत नाही. फक्त ऐकायला कुणाला तरी थांबावं लागतं.

दिशाने लसींचा डबा मागे बांधलाय. चला, येते मी.