मध्यंतरापासून पाहा

सकाळी तिने दूध तापत ठेवले, सासऱ्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले, ते डोळे मिटून बसले तेवढ्यात भाजी चिरून शेगडीवर चढवली, आणि नवरा कामावर गेल्यावर जेवणाचे टेबल कोरडे पुसून तिथेच संगणक मांडला. टीव्हीवर या महिन्यात कोणते जुने चित्रपट पाहावेत, हे ती वर्तमानपत्राच्या सदरात सांगत असे. नियम एकच: नव्याने पाहिल्याखेरीज शिफारस नाही. तिच्या शब्दाखातर लोक हातची कामे बाजूला सारून बसतात, याची तिला जाणीव होती, थोडा अभिमानही.

या वेळी एक चित्रपट घरचा होता. सासऱ्यांनी ऐन उमेदीत संकलित केलेला, टीव्हीवर प्रथमच येणारा. ते स्वतः त्याविषयी चकार शब्द काढत नव्हते. त्यांची बाजू लढवायला नणंद खंबीर होती.

"वहिनी, बाबांचा सिनेमा सगळ्यात वर हं," ती फोनवर म्हणाली. "त्यांची नजर कुठवर साथ देतेय कोण जाणे. चार शब्द गोड लिहिलेस तर तुझी शाई आटणार आहे का?"

"आधी पाहू तर दे."

"सासऱ्यांचीही परीक्षा! धन्य आहेस बाई."

वाहिनीकडून आलेली प्रत तिने लावली. सासरे खुर्ची ओढून पडद्याला जवळजवळ नाक लावून बसले. पूर्वार्ध रेंगाळत होता. एक गाणे संपते न संपते तोच दुसरे. तिसऱ्याला शेजारून घोरणे ऐकू आले. संकलकच आपल्या चित्रपटात झोपला होता! तिला हसू फुटले, पण क्षणभरच. आता वाचकांना फसवायचे, की म्हाताऱ्याचे मन मोडायचे?

मध्यंतरानंतर ते जागे झाले. पडद्यावर घर सोडून निघालेला नवरा कपडे भरत होता. बायकोने स्वयंपाकघरात दोन ताटे मांडली, थोडी थांबली, मग एक उचलून ठेवले. कोणी एक अक्षर बोलले नाही. तिच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली.

"इथं दोघं बोलत होती," सासरे म्हणाले. "पानभर संवाद. मी सगळा कापला. लेखकानं वर्षभर तोंड पाहिलं नाही माझं."

"मग आधीची गाणी का ठेवलीत, बाबा?"

"निर्मात्याचा मेव्हणा गात होता. तिथं कात्री लावली असती तर मीच घरी बसलो असतो!" ते खळखळून हसले, मग गंभीर झाले. "माझ्याकडे बघून लिहू नकोस. कंटाळून लोकांनी टीव्ही बंद केला, तर ते मला जास्त लागेल."

तिने लिहिले: 'हा चित्रपट मध्यंतरापासून पाहा. पूर्वार्ध चुकला तरी बिघडत नाही, कथा कळते. स्वयंपाकघरातला प्रसंग मात्र चुकवू नका. संकलक माझे सासरे आहेत, हे वाचकांना ठाऊक असावे.'

मजकूर तिने त्यांना वाचून दाखवला. 'बिघडत नाही' म्हणताना तिने आवाज उतरवला नाही. त्यांनी मान डोलावली. नणंद महिनाभर फुगून बसणार, हे तर ठरलेलेच होते. एकही शब्द न बदलता तिने लेख कचेरीत पाठवून दिला.