सगळ्यांना सगळी परवानगी

आमच्या कार्यालयात जमिनींचे नकाशे निघतात, आणि नकाशांपेक्षा जास्त गप्पा निघतात. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला मी कुलूपकाका असं नाव ठेवलं होतं. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, दर महिन्याला नवा पासवर्ड, पाणी प्यायला उठला तरी स्क्रीन बंद करून जाणार. ‘काका, तुमच्या मशीनमध्ये आहे तरी काय? दोन विहिरींचे नकाशे आणि रिटायर व्हायला किती दिवस उरले त्याचा तक्ता!’ असं मी सगळ्यांदेखत म्हणायचो. सगळे हसायचे, तो खाली मान घालून काम करायचा. मला लोकांना हसवायला आवडतं. कुणाच्या जिवावर, ते मी फारसं बघत नसे.

घरच्या कॉम्प्युटरवर मी विंडोजऐवजी लिनक्स वापरतो. हे मी न विचारताही सांगतो, त्यामुळे लग्नाकार्यात लोक माझ्या शेजारची खुर्ची टाळतात. व्हायरस लागतात ते इतरांना, आपल्याला नाही, हे मी इतक्या वेळा बोललो होतो की ते सिद्ध करायची गरजच कुणाला वाटली नाही. मलाही नाही.

दोन वर्षांपूर्वी मला घरच्या कॉम्प्युटरवरची गाणी ऑफिसात बसून ऐकायची हुक्की आली. इंटरनेटच्या डबीत, म्हणजे राउटरमध्ये, एक वाट उघडली, घरचं मशीन बाहेरून दिसायला लागलं. पण गाणं लावलं की ‘परवानगी नाही’ असा निरोप यायचा. तासभर डोकं आपटलं. मग कुठल्याशा चर्चेच्या पानावर कुणीतरी एक ओळ लिहिलेली सापडली, ती उचलून तशीच ठोकली. त्या ओळीचा अर्थ असा, की सगळ्या फोल्डरांना, सगळ्यांना, सगळी परवानगी. गाणं वाजलं. पासवर्ड नंतर टाकू म्हटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी कुलूपकाकाला उद्देशून वापरत असे.

माझी बायको बोलताना अडखळणाऱ्यांना बोलायला शिकवते. आमच्या मागच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक माइक, आणि तोच कॉम्प्युटर. माणूस बोलतो, ती रेकॉर्ड करते, दोन महिन्यांनी त्यालाच ऐकवते, म्हणजे आपण किती पुढे आलो ते त्याला कळतं. कागदपत्रं ती कपाटात ठेवते आणि किल्ली पर्समध्ये. एकदा तिने विचारलंही होतं, ‘रेकॉर्डिंगला अशी किल्ली नसते का रे?’

‘अगं, हे लिनक्स आहे,’ मी म्हणालो. ‘आणि नवराबायकोत वेगळं खातं कशाला?’

तिच्याकडे येणाऱ्यांत एक नर्स होती. तिशीची, हातांनी चपळ, जिभेने अडलेली. मुख्य नर्सच्या जागेसाठी दोनदा मुलाखत देऊन दोनदा नापास झाली होती, कारण सकाळी पाळी बदलताना प्रत्येक खाटेचा अहवाल मोठ्याने सांगावा लागतो आणि ती दुसऱ्या खाटेवरच अडकायची. दोन वर्षं ती आठवड्यातून दोनदा येत होती. तिसरी मुलाखत शुक्रवारी होती. ‘या वेळी होणार,’ बायको म्हणायची. तिच्यापेक्षा बायकोच जास्त दिवस मोजत होती.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या शिपायाने एक क्लिप दाखवली. कुणीतरी बाई ‘डॉ… डॉ… डॉ…’ करत अडकली होती आणि त्याच्यावर कुणी ढोलकीसारखा ठेका बसवला होता. वर एक नाचणारं बदक. मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. टेबल बडवून ठेका धरला. मग आमच्या साडू-मेव्हण्यांच्या ग्रुपवर ती पाठवली, खाली तीन हसरे चेहरे टाकून.

अर्ध्या तासाने, पुन्हा हसावं म्हणून, कानात इयरफोन घालून ऐकली. ठेका संपल्यावर शेवटी, अगदी हळू, दुसऱ्या एका बाईचा आवाज होता.

‘घाई नाही. परत पहिल्यापासून.’

तो आवाज मी बारा वर्षं रोज ऐकतोय.

मी ग्रुपवरून क्लिप पुसली. मग कुलूपकाकाकडे गेलो आणि, एका मित्राचं असं असं झालंय, म्हणून सांगायला लागलो. त्याने मित्राचं नाव विचारलं नाही. मी सांगितलेला माझ्या घरच्या कॉम्प्युटरचा इंटरनेटवरचा पत्ता त्याने आपल्या मशीनवर टाइप केला. आणि त्या ऑफिसच्या टेबलावर माझं घर उघडलं. गाणी. विजेची बिलं. सासऱ्यांचे एक्स-रे. रेकॉर्डिंग. पासवर्ड कुणी विचारलाच नाही.

‘कुणी शिरलं का आत?’ मी विचारलं.

‘शिरायला दार लागतं,’ तो म्हणाला. ‘तुमच्याकडे नुसती चौकट आहे. जो तो येऊन बघून गेला असेल.’

‘पण व्हायरस नाही ना?’

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. ‘नाही. व्हायरस एकही नाही.’ मग स्क्रीन बंद करत म्हणाला, ‘वहिनींना आजच सांगा. ज्यांचे आवाज आहेत त्यांना त्या कळवतील. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर फार वाईट.’

त्या संध्याकाळी बायको भाजी आणायला गेल्यावर मी ती वाट बंद केली, पासवर्ड टाकला, वर्षभर टाळलेले अपडेट घेतले. बैल गेला आणि झोपा केला. मग मूळ रेकॉर्डिंग लावून ऐकलं. तेवढाही हक्क मला नव्हता, पण परवानगी होती. नर्सच होती. वॉर्डात ती एकटी असताना सात नंबरच्या खाटेवरच्या बाईंचा श्वास लागला. तिने फोन उचलला आणि ‘डॉक्टर’ हा शब्द तिच्या तोंडून निघेना. फोन टाकून ती जिना उतरून धावली. परत येईपर्यंत बाई गेल्या होत्या. हे तिने आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं, माझ्या बायकोला, आमच्या मागच्या खोलीत, दार लावून.

मी बायकोला सांगितलं नाही. शुक्रवारी मुलाखत आहे, आत्ता सांगून तिला कशाला हलवायचं, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो, आणि क्लिप आपोआप विरून जाईल अशी आशा करत होतो. बुधवारी आणि गुरुवारी मी पोटभर जेवलो.

शुक्रवारी दुपारी नर्स आली. दार मी उघडलं. तिने नमस्काराला हात जोडले, तोंड उघडलं, काहीच आलं नाही. बायकोने तिला मागच्या खोलीत बसवलं आणि वही-पेन दिलं. ती लिहीत गेली, बायको मोठ्याने वाचत गेली. मी दारात उभा होतो, कारण निघून जायचं धैर्यही माझ्यात नव्हतं.

नाव मी एका दमात सांगितलं. पहिली दोन उत्तरं छान गेली. तिसरा प्रश्न, पेशंट अचानक बिघडला तर काय कराल? उत्तर पाठ होतं. पण सकाळीच औषधं पोचवायला येणाऱ्या माणसाने काउंटरवर नाचणाऱ्या बदकाची, माझ्याच आवाजाची एक क्लिप वाजवली होती आणि सगळ्या मुली हसल्या होत्या. मुलाखतीत त्या शब्दापाशी आले आणि ठेका ऐकू आला. समोरच्या तिघांतल्या एकाने ओठ दाबून खाली पाहिलं. त्यांनीही बघितली होती. या तुम्ही, म्हणाले.

बायकोचं वाचणं थांबलं. ‘औषधं पोचवणारा? लाल हेल्मेटवाला?’

नर्सने मान हलवली. बायकोने माझ्या साडूला, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, फोन लावला आणि स्पीकर सुरू केला; दवाखान्यांना औषधं तोच पोचवतो.

‘ती बदकाची क्लिप तुला कुठून आली?’

‘मला काय विचारता ताई!’ साडू खदखदून हसला. ‘तुमच्याच साहेबांनी पाठवली की! मग पुसली त्यांनी, पण मी आधीच ठेवून घेतली होती. भारी आहे ना?’

बायकोने फोन ठेवला. ती माझ्याकडे बघेल असं वाटलं होतं, पण ती कॉम्प्युटरकडे बघत होती. तिला सगळं कळायला तेवढाच वेळ लागला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तिच्या ओरडण्याची वाट बघत होतो.

नर्सने वही ओढून घेतली, एक ओळ लिहिली आणि माझ्याकडे फिरवली.

*तुम्ही कुठे हसलात?*

‘तसं नाही,’ मी म्हणालो. ‘मला माहीत नव्हतं की… म्हणजे ते गाणी ऐकायला म्हणून… मी… मी…’

बायको उठली. तिने मला आपल्या खुर्चीत बसवलं, नर्सच्या समोर. माइक माझ्या तोंडापाशी आणला आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. आवाज चढवला नाही. सगळ्यांशी बोलते तशीच, मऊ, बोलली.

‘घाई नाही. परत पहिल्यापासून.’

नर्सने पेन खाली ठेवलं आणि ऐकायला लागली.