नऊ मिनिटांवर अडकलेलं जहाज

माझा नवरा गजेंद्र पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कापडाचे रंग कालवायचा. लग्न झाल्यापासून त्याची नखं मी कधी कोरी पाहिली नव्हती. मिलमध्ये आज काय चाललं होतं, काळा रंग की मेंदी, ते मला त्याच्या बोटांवरून कळायचं. म्हणून एका संध्याकाळी चहाचा कप घेताना त्याची नखं स्वच्छ दिसली, तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"अहो, एवढे गोरे हात कोणासाठी?" मी थट्टेत विचारलं.

तो हसला नाही. "मिलनं ग्लोव्हज दिलेत आता," म्हणाला.

दुसऱ्या संध्याकाळी नखं जांभळी होती. मग ग्लोव्हज काय खिशात घालून फिरत होता? मी तोंडावर आलेलं गिळलं. तो हात धुऊन गेल्यावर बेसिन घासायला लागले तर बोटांखाली कचकच लागली. बारीक रेतीसारखी. मिलचा रंग कधी कचकचत नाही, आणि साध्या पाण्यानं तर मुळीच जात नाही. मी स्टुलावर चढून दिवाळीचा डबा काढला. रांगोळीच्या जांभळ्या रंगाची पुडी फोडलेली होती.

माणूस रंगात हात घालत नाही आणि घातल्याचं दाखवतो, तेव्हा बायकोनं काय समजायचं? मी जे समजायचं ते समजले. ती कशी दिसत असेल, कडोदऱ्याची असेल की उधन्याची, इथपर्यंत माझी मजल गेली. भाजी चिरताना मी तिचं नावही ठेवलं होतं.

त्यात माझ्या कामाची वेगळीच कटकट. पर्वत पाटियाच्या कापड मार्केटमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर एक छोटी गेम कंपनी आहे, तिथं मी गेमच्या गोष्टी लिहिते. खाली साड्यांचे गठ्ठे, वर आमचं अंतराळ. आमचं जहाज माणसं घेऊन दुसऱ्या ग्रहाकडे निघालंय आणि इंजिन बंद पडलंय. हे फक्त इंजिनिअर हिलालला माहीत आहे. दुसरं इंजिन आहे, पण ते चालू करायला दोघं लागतात. म्हणजे हिलालनं बायकोचं, सुंदराचं, दार वाजवून तिला खरं सांगायचं. सायरन वाजतोय, पडद्यावर लाल आकडे: नऊ मिनिटं उरली.

आणि खेळणारे काय करतात? जहाजातल्या कुंड्यांना पाणी घालत बसतात! ज्याला खेळायला दिलं तो हेच करतो. आमची मुख्य चैताली म्हणाली, "सायरन मोठा कर. या वेळी कोणी धावलं नाही तर तुझी गोष्ट काढून नुसती गोळीबाराची गेम करू." दोन वर्षांचं माझं काम होतं ते. मला रडूच यायचं बाकी होतं.

रविवारी दुपारी मी लॅपटॉप गजेंद्रसमोर ठेवला. खरं सांगते, त्यात कामापेक्षा पहारा जास्त होता. तो खेळत असताना फोन कोणाचा येतो ते बघायचं होतं.

फोन आला नाही. तो मात्र हिलालला घेऊन सुंदराच्या दारापर्यंत गेला. पडद्यावर दोन पर्याय आले, "सांग" आणि "नंतर सांग". त्यानं "नंतर" दाबलं. कुंड्यांना पाणी घातलं, परत दाराशी आला, परत "नंतर". मग तिसऱ्यांदा. माझं डोकं सणकलं.

"अहो, सायरन ऐकू येत नाही का? नऊच मिनिटं उरलीत!"

"तुझं घड्याळ खोटं आहे गायत्री. मघापासून नऊच दाखवतंय."

खरं होतं. खेळणारा हरला की गेम काढून टाकतो, म्हणून दार वाजेपर्यंत आम्ही घड्याळ पुढं सरकूच देत नव्हतो.

"पण माणसं मरतील ना आतली!"

"मी दार वाजवत नाही तोवर तिला काही माहीत नाही. तोवर ती सुखात आहे." तो पडद्याकडे बघतच म्हणाला. "मग कशाला वाजवू?"

त्याचा आवाज गेम खेळणाऱ्याचा नव्हता. पडद्यावर हिलाल दाराशी उभा होता आणि गजेंद्रचा अंगठा "नंतर"च्या बटणावर होता. मी त्या अंगठ्याकडे बघत राहिले. नखाच्या कडेला जांभळी रांगोळी होती. ती कडोदऱ्याची बाई त्या क्षणी माझ्या डोक्यातून उठून गेली, आणि तिच्या जागी मिलचं बंद दार आलं.

सोमवारी शेजारच्या ज्योतीला गाठलं. तिचा नवरा त्याच मिलमध्ये आहे. ती आधी पदराशी चाळा करत बसली, मग म्हणाली, "वहिनी, तुम्हाला भाऊंनी नाही सांगितलं? रंग कालवायला मशीन आलं. चौघांना काढलं." आणि हा रोज माझ्या हातचा डबा घेऊन निघत होता. कुठल्या कुठल्या मिलच्या दारात उभा राहून खात असेल, कोण जाणे. मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त माझा. नखं बघितली मी; माणूस नाही बघितला.

विचारलं असतं तर त्यानं "नंतर"च दाबलं असतं. म्हणून मी ऑफिसात जाऊन सायरन काढला, घड्याळ काढलं आणि दाराचा प्रसंग नव्यानं लिहिला. चैतालीनं संशयानं माझ्याकडे पाहिलं. "खेळणाऱ्यानं दार वाजवलंच नाही, तरी ते उघडतं? का म्हणून?"

"आतल्या बाईला डोळे नाहीत का?" मी म्हणाले.

पुढच्या रविवारी मी पुन्हा लॅपटॉप ठेवला. "बदल केलेत. बघा बरं."

हिलाल दाराशी गेला. "नंतर." कुंड्या. "नंतर." पुन्हा कुंड्या. तिसऱ्यांदा त्यानं "नंतर" दाबलं आणि दार आतून उघडलं. सुंदरा उंबऱ्यात उभी होती. सगळी गेम हिंदीत आहे, पण हे एक वाक्य मी आमच्या अहिराणीत लिहिलं होतं. आमच्या घरात अहिराणी भांडताना निघते, नाहीतर मायेनं बोलताना.

"माले माहीत शे. पहिले जेवी ल्या."

गजेंद्रनं बटण सोडलं.  मग त्यानं आपले हात पालथे करून मांडीवर ठेवले आणि त्याचे खांदे हलायला लागले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मलाही आवरेना.

"कधीपासून माहीत आहे?" त्यानं विचारलं.

"रांगोळीला कचकच असते हो."

त्यानं नाक पुसलं. रडता रडता थोडं हसला. "मला वाटलं, रंग तो रंग."

"एवढी वर्षं रंगात काढून?"

पडद्यावर सुंदरा अजून उंबऱ्यात थांबली होती. गजेंद्रनं लॅपटॉप माझ्याकडे थोडा सरकवला.

"दुसऱ्या इंजिनाला दोघं लागतात ना?"

"हो."

"मग सरक. मला एकट्याला जमत नाही हे."