कावेरीच्या सावलीतले ट्रान्झिस्टर

बंगळूरच्या एका ट्रान्झिस्टर कारखान्यात माल सारखा नापास होऊ लागला, म्हणून १९६४ साली चक्क देव्हारा मांडला गेला, तोही जुळणीच्या दालनात! पांढरे कोट घातलेली शिकलीसवरलेली माणसं हात जोडून उभी राहिली. उपायासाठी बोलावलेल्या विठोजीस्वामींनी तीर्थात बोट बुडवून समईवर फिरवलं. वात तडतडली आणि सगळे चरकले.

"इथं पांढऱ्या पायाची बाई आहे. तिच्या सावलीनं माल नासतो," स्वामी गरजले.

नजरा खिडकीजवळ जुळणीला बसणाऱ्या कावेरीकडे वळल्या. तिचा नवरा नुकताच वारला होता.

रत्नाकर तिथला उताऱ्याचा इंजिनीअर. बनलेल्या मालातला चांगला किती आणि बाकीचा का वाया गेला, हे शोधणं त्याचं काम. तो संतापला, पण आकडे स्वामींच्या बाजूचे निघाले. कावेरीला गोदामात बसवलं आणि उतारा खरोखरच दुप्पट झाला. तिच्या खुर्चीत बसायला कुणी धजेना, तिच्या डब्याला बायका शिवेनात. मॅनेजर विद्याधररावांनी तिला काढायचं ठरवलं. आज नोकरी जाईल, उद्या दारावर दगड पडतील, हे रत्नाकरला दिसत होतं.

त्याने गोदाम गाठलं. "कावेरीअक्का, जागेवर बसून तुम्ही काय काय करता?"

"सगळ्या करतात तेच, अण्णा. उकडलं की खिडकी स्वल्प उघडते, एवढंच."

खिडकीपलीकडे सुटे भाग धुण्याची खोली होती. तिथे दिवसभर पाणी उकळत असे. रत्नाकर थबकला.

विद्याधररावांना गळ घालून त्याने पडताळा घेतला. कावेरी जागेवर, खिडकी बंद, समई विझलेली: माल उत्तम. दुसऱ्या दिवशी कावेरी घरी, स्वामी समईपुढे, खिडकी उघडी: नगामागून नग नापास.

"देवी कोपली!" स्वामी ओरडले.

"देवी कसली, वाफ! झाकण बसण्याआधी ट्रान्झिस्टरमधल्या जर्मेनियम धातूला दमट हवा लागली की नग वाया गेलाच. आणि वात तडतडते ती तुमच्या ओल्या बोटानं. आता कोरडं फिरवा बघू."

स्वामींनी झोळी उचलून काढता पाय घेतला.

कावेरी कामावर परतली. "अण्णा," तिने हळूच विचारलं, "वाफेचं कळलंच नसतं तर?"

तिचा हा प्रश्न आपल्या सगळ्यांनाच आहे. कारण सापडलं म्हणून ती वाचली, यात आपलं भूषण ते काय? कारण सापडेपर्यंत "ठाऊक नाही" म्हणायला धीर लागतो. लोकहो, तेवढा धीर धरा. आपलं अज्ञान झाकायला कुणा बाईचा बळी देऊ नका.