माफीचा सीन

टिल्लूचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. विनोदी पिक्चर, त्यात तो भुरटा चोर. अख्खा पिक्चरभर लोकांना पोट धरून हसवायचं आणि शेवटी काय, तर घरमालकाचे पाय धरून ढसाढसा रडायचं, चोरलेलं घड्याळ परत द्यायचं आणि त्याच घरी पहारेकऱ्याची नोकरी पत्करायची! हा शेवट निर्मात्याने ऐनवेळी घुसडला होता.

"लोकांना धडा मिळायला पाहिजे," निर्माता म्हणाला.

"धडा घ्यायला शाळा आहेत, साहेब. आजवर मी नोकर झालो, दारुडा झालो, चोर झालो. दर वेळी शेवटी मलाच नाक घासायला लावलंत. या वेळी नाही."

"मग घरी बस. तुझ्यासारखे छप्पन्न मिळतात."

दिग्दर्शक भला माणूस, पण निर्मात्यापुढे त्याची बोलती बंद. त्याने टिल्लूला बाजूला घेतलं. "अरे बाबा, एकच टेक घ्यायचाय. कॅमेऱ्यात तेवढीच फिल्म उरलीय. हा चिक्कू माणूस नवीन डबा काही आणायचा नाही, आणि सेट आजच मोडायचाय. उरकून टाक रे."

एकच टेक! टिल्लूचा चेहरा एकदम साधाभोळा झाला. त्याला ओळखणाऱ्यांनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. "बरं, तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला.

कॅमेरा सुरू झाला. घरमालकाचं काम करणारा थोराड नट खुर्चीत ऐसपैस बसला होता. टिल्लू घड्याळ काखोटीला मारून आला, गुडघे टेकले, मालकाच्या पायांशी वाकला आणि हुंदके देऊ लागला. काय हुंदके होते! निर्मात्याचा जीव भांड्यात पडला. मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं, की हुंदके देता देता हा बाबा मालकाच्या बुटाची नाडी सोडतोय. एक बूट निघाला. दुसऱ्यासाठी थोराड नटाने सवयीने आपणहून पाय उचलून दिला. टिल्लूने दोन्ही बूट पायांत चढवले आणि घड्याळासकट ताठ मानेने दाराबाहेर गेला. दिवे सांभाळणारे खो खो हसत सुटले. कॅमेरामनही हसत होता, पण त्याने कॅमेरा थांबवला नाही. फिल्म संपली तेव्हाच तो थांबला.

टिल्लू परत आत आला, तोवर निर्माता लालबुंद झाला होता. "तू वाकलास ना, तिथेच कापतो! चोर माफी मागतोय, पिक्चर संपला!"

"खुशाल कापा. पण वाकल्या वाकल्या नाडी माझ्या बोटांत होती, तीही कॅमेऱ्याच्या पुढ्यात. बघा, माफी कुठे सापडते का."

निर्मात्याने कॅमेरामनकडे पाहिलं. कॅमेरामनने नकारार्थी मान हलवली.

"तुला या धंद्यात कुणी उभं करणार नाही, बघच तू!"

"नका करू."

धमकी पोकळ नव्हती, हे टिल्लूला पक्कं ठाऊक होतं. निर्मात्याचा शब्द सगळीकडे चालायचा. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचा चोर न रडता सुटला होता, आणि त्या आनंदापुढे त्याला बाकी काही दिसत नव्हतं. त्याने आपली पिशवी उचलली.

"अरे, माझे बूट तरी देऊन जा!" मोज्यांवर उभा असलेला थोराड नट ओरडला.

"ते चोराने नेलेत," टिल्लू चालता चालता म्हणाला, "आणि तो काही परत करायचा नाही."