कमिटवरचं नाव

प्रणालीने लॅपटॉप पियुषकडे वळवला आणि पुन्हा तेच दाखवले. आधी कोडची वेगळी ब्रांच, म्हणजे फांदी, काढायची, बदल तिथे करून पाहायचे, जमले की मूळ कामात मिळवायचे. पियुषने एक ओळ टाइप केली आणि त्याचा हात थांबला.

"एवढं सारं कावून करत होती तू? एकटीच तर होती."

"एकटी होती म्हणूनच," ती म्हणाली.

मागच्या वर्षी तिने घरबसल्या बनवलेली वरूडच्या संत्रा व्यापाऱ्याची साइट फोटो बदलता बदलता कोलमडली होती. जुनी प्रत कुठेच नव्हती. व्यापाऱ्याची बोलणी खाऊन तिने ती पहिल्यापासून उभी केली. मग सासूबाई दुपारी आडव्या झाल्या की व्हिडिओ पाहून गिट, कोडच्या प्रत्येक बदलाची प्रत जपून ठेवणारे सॉफ्टवेअर, शिकून घेतले. तेव्हापासून प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे कमिट, आणि काय केले त्याची एक ओळ. सुरुवातीला गिटने नाव आणि ईमेल विचारले, तिने पियुषचे टाकले; प्रत्येक कमिटवर तेच उमटत गेले. लॅपटॉप त्याचा होता, आणि गिऱ्हाइकेही मिस्टरांना फोन द्या म्हणायची.

आता व्यापाऱ्याने साइटचे पुढचे काम अकोल्याच्या एका कंपनीला दिले होते. तिने सगळा कोड पाठवला. तिथल्या साहेबांनी कमिट वाचले आणि त्यांवरच्या ईमेलवर कळवले, एकट्याने काम करून इतकी शिस्त कोणी पाळत नाही, भेटायला या.

पियुषची मोबाइल शोरूममधली नोकरी उन्हाळ्यातच सुटली होती. त्याने तो मेल आधी आईला वाचून दाखवला. सुभद्राबाईंनी देवापुढे साखर ठेवली. प्रणालीला मागाहून कळले.

"काम माझं आहे, एवढं सांगा त्यांना," ती म्हणाली होती.

"सांगीन ना. आधी आत तर जाऊ दे मले."

मुलाखतीहून तो राजापेठेतून पेढे घेऊनच घरी आला. नोकरी पक्की झाली होती. बुटांची नाडी सोडता सोडता त्याने सांगितले, की घरी कोणी मदतीला आहे का, असेही साहेबांनी विचारले.

"मग?"

"म्हटलं, बायकोले शिकवून राहिलो थोडंथोडं."

तो वर पाहत नव्हता. प्रणालीने पेढ्यांचा खोका उचलून फ्रिजमध्ये ठेवला.

सोमवारी लॅपटॉप त्याच्याबरोबर अकोल्याला गेला. दुपारी सासूबाईंसोबत मेथी निवडत असताना तिचा फोन वाजला. पियुष दबक्या आवाजात बोलत होता, बहुधा जिन्यातून. काहीतरी अडकले होते, लाल अक्षरे येत होती, साहेब जेवून यायच्या आत सुटायला हवे होते. प्रणाली उठून मागच्या अंगणात गेली आणि दार ओढून घेतले.

"हाय का तू? प्रणाली?"

"वाचून दाखवा काय लिहून आहे ते."

तो वाचत गेला, ती सांगत गेली. सुटल्याबरोबर त्याने फोन ठेवला. तिने वाळत घातलेली चादर काढून घडी केली, मग आत येऊन मेथीपाशी बसली.

"पियुषचा होता नं?" सुभद्राबाई म्हणाल्या. "काय म्हणे?"

"काई नाही." तिने एक जुडी पुढे ओढली. "विचारत होते, आईनं गोळी घेतली का म्हणून."